अंग बाहेर येणाऱ्या गाभण मेंढ्या : विण्याच्या हंगामातील प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

या हंगामात कळपात ८८ गाभण मेंढ्या आहेत. मेंढे २५ सप्टेंबरला सोडले होते. गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा धरला, तर पहिली मेंढी १९ फेब्रुवारीच्या सुमारास विणार. म्हणजे आजपासून सहा आठवडे. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ याच काळात होत असल्यामुळे पोटातील जागा झपाट्याने कमी होते, मागच्या बाजूचा दाब वाढत जातो आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांत काही मेंढ्यांचे अंग बाहेर येते. या नोंदी त्या एकाच त्रासापुरत्या ठेवायच्या आहेत.

मागच्या हंगामात असे पाच प्रकार झाले. वही काढून पाहिली, तेव्हा तीनच बिल्ला क्रमांक सापडले. त्यांतील दोन मेंढ्या मेल्या आणि एक नंतर कळपातून काढली. उरलेल्या दोघींबद्दल 'एक मेंढी, टाका घातला, बरी' आणि 'आणखी एक, पट्टा' एवढेच माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. ज्या मेंढीची योनी एका वेतात बाहेर आली, तिला पुढच्या वेतात तोच त्रास होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून अशी मेंढी पुन्हा गाभण होऊ देऊ नये, हे मला तेव्हाही माहीत होते. तरी त्या दोघी आज या ८८ मध्येच कुठेतरी आहेत.

नोंदीतील घोळाचे एक कारण शब्दात आहे. 'अंग बाहेर आले' किंवा 'मायांग पडले' हे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. विण्यापूर्वी बाहेर येते ती बहुतेक वेळा योनी असते, आणि विल्यानंतर, सहसा पहिल्या दिवसभरात, उलटून बाहेर येते ते गर्भाशय. दोन्हींची कारणे वेगळी, उपचार वेगळे आणि मेंढी ठेवायची की काढायची हा निर्णयही वेगळा. यंदा वहीत दोन वेगळे रकाने आखले आहेत. गुदाशय बाहेर येण्याचा प्रकार तिसऱ्या रकान्यात जाईल.

१३ जानेवारी

सोनोग्राफीत ३१ मेंढ्यांना एक, ५२ मेंढ्यांना जुळी आणि ५ मेंढ्यांना तिळी कोकरे दिसली. त्याच वेळी प्रत्येकीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे हात दाबून १ (अगदी रोड) ते ५ (फार जाड) असा शरीर गुणांक दिला. लोकर दाट असली की डोळा हमखास फसतो, त्यामुळे हाताने चाचपल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही. बहुतेक मेंढ्या अडीच ते तीनच्या दरम्यान आहेत, परंतु १४ मेंढ्या चार किंवा त्याहून वर निघाल्या, आणि त्यांतील नऊ जुळ्यांच्या आहेत.

जाड मेंढीच्या पोटात आणि ओटीपोटाच्या भोवती चरबी साठलेली असते, त्यात दोन कोकरे आणि चाऱ्याने फुगलेले पोट, म्हणजे योनीला मागे सरकण्यावाचून वाट उरत नाही. एका सहकाऱ्याने या १४ जणींचा खुराक तोडावा असे सुचवले, ते मी मानले नाही. गाभणकाळाच्या शेवटी एकदम उपास घडला, की मेंढी स्वतःची चरबी वेगाने वितळवते, रक्तात आम्लद्रव्ये साचतात, ती खाणे सोडते आणि बसते ती उठत नाही. जुळ्यांच्या जाड मेंढ्यांना हा धोका सर्वांत जास्त. चरबी कमी करायची वेळ मेंढा सोडण्यापूर्वीच निघून गेली. आता एवढेच करता येईल, की आहाराचे आकारमान कमी ठेवून त्यातील पोषण टिकवायचे. रसदार, पाणीदार चारा आणि निकृष्ट वाळलेला चारा या गटासाठी कमी केला असून चांगल्या प्रतीचे वाळलेले गवत आणि दोन वेळांत विभागलेला खुराक सुरू केला आहे. एका वेळी अर्ध्या किलोच्या वर खुराक द्यायचा नाही.

२० जानेवारी

आज सबंध दुपार वाड्यात नुसता बसून होतो. मागच्या वर्षीच्या पाचपैकी निदान तीन मेंढ्या कोपऱ्यातील खणात होत्या, एवढे मला आठवते. त्या खणाची जमीन पाणी निचरून जावे म्हणून उतरती केलेली आहे. मेंढ्या बसतात तेव्हा तोंड चढाकडे करतात, हे मी यापूर्वी कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. २२ पैकी १७ मेंढ्या तशाच बसल्या होत्या. म्हणजे रवंथ करताना, तासन्‌तास, पोटातील सगळे वजन त्यांच्या मागच्या भागावर उतरत होते.

दुसरी गोष्ट गव्हाणीची. या खणात गव्हाण उंच असल्यामुळे लहान चणीच्या मेंढ्या पुढचे पाय खालच्या फळीवर ठेवून खातात, त्यामुळे उभ्या असतानाही त्यांचा मागचा भाग खालीच राहतो. फळी आजच काढली आणि गव्हाण उतरवून घेतली. प्रत्येक मेंढीला ४५ सेंटीमीटर जागा मिळेल अशी लांबीही वाढवली, कारण खुराकाच्या वेळची रेटारेटी हाही पोटावरचा दाबच आहे. जमीन सपाट करण्याचे काम मात्र विणे संपेपर्यंत पुढे ढकलावे लागेल. गाभण मेंढ्यांच्या मधोमध कुदळ चालवणे शक्य नाही. उताराच्या खालच्या बाजूला जाड पेंढा पसरून उंची थोडी भरून काढली आहे. हा उपाय तात्पुरताच आहे.

शेपट्यांकडेही पाहिले. ज्या मेंढ्यांच्या शेपट्या लहानपणी फार आखूड कापल्या जातात, त्यांच्यात अंग बाहेर येण्याचे, विशेषतः गुदाशय बाहेर येण्याचे, प्रमाण वाढते असे म्हटले जाते. शेपूट निदान निरण, म्हणजे योनीचे बाहेरचे तोंड, झाकेल एवढी हवी. आपल्या कळपात चार विकत आणलेल्या मेंढ्यांच्या शेपट्या त्याहून आखूड आहेत. त्यांची नावे वेगळी लिहून ठेवली.

२९ जानेवारी

पहिला प्रकार. रात्री साडेदहाच्या फेरीत क्रमांक ४७ ही मेंढी डाव्या कुशीवर बसली होती आणि शेपटीखाली लिंबाएवढा, गुळगुळीत, ओलसर गुलाबी गोळा दिसत होता. मी जवळ जाताच ती उठली आणि तीन-चार पावले चालेपर्यंत गोळा आत गेला. शेपूट खाली आली. सकाळच्या उजेडात कोणी तिला पाहिले असते, तर काहीच दिसले नसते.

फेरी रात्री आणि मेंढ्या बसलेल्या असताना घालण्याचा हट्ट मी याचसाठी धरला आहे. या टप्प्यावर योनीचे अस्तर स्वच्छ आणि ओले असते, त्याला सूज नसते आणि मेंढी कुंथत नसते. तेच दिवसभर बाहेर राहिले, की रक्ताचा परतीचा प्रवाह अडतो, सूज चढते, अस्तर सुकते, त्याला पेंढा आणि लेंड्या चिकटतात. मग त्या टोचणीने मेंढी कुंथते आणि कुंथल्याने आणखी भाग बाहेर येतो.

४७ ही तिसऱ्या वेताची, जुळ्यांची, शरीर गुणांक चार. ती उजवा पुढचा पाय थोडा उचलून चालते, हे तिला हलवताना लक्षात आले. खुराच्या बेचक्यात सूज आहे. लंगडी मेंढी जास्त वेळ बसते आणि बसलेली मेंढी म्हणजे मागे पडलेला दाब, त्यामुळे खुराचा उपचार हा याच कामाचा भाग समजून आजच केला. पाठीवर रंगाचा पट्टा ओढला, वहीत क्रमांक लिहिला आणि तिला सपाट जमिनीच्या लहान खणात हलवले.

२ फेब्रुवारी

४७ चा गोळा आता उभे राहिल्यावरही आत जात नाही. आकार मुठीएवढा आहे. तो आत बसवण्याचे काम मी आणि एका सहकाऱ्याने केले, ते सविस्तर लिहितो.

सहकाऱ्याने मेंढीचे मागचे पाय उचलून तिचा मागचा भाग उंच धरला, त्यामुळे पोटातील अवयव पुढे सरकले. मी हात कोपरापर्यंत धुऊन हातमोजे घातले आणि कोमट पाण्यात अगदी सौम्य जंतुनाशक मिसळून गोळ्यावरचा पेंढा, एकेक काडी, धुऊन काढला. काडी आत ढकलली गेली तर तीच पुढे जखम करते. मग गोळा तळहातावर तोलून किंचित वर उचलला. त्याबरोबर मूत्राची धार सुटली आणि पाऊण मिनिटाच्या वर चालू राहिली. बाहेर आलेल्या योनीबरोबर मूत्राशयही मागे वळून अडकते, मूत्रमार्ग दुमडतो, मेंढीला लघवी करता येत नाही आणि ती त्यासाठी कुंथत राहते. धार थांबल्यावर गोळा जवळजवळ निम्मा झाला होता. तो आत बसवण्यासाठी बोटांची टोके वापरली नाहीत, कारण सुजलेले अस्तर ओल्या कागदासारखे फाटते. वंगण लावून, तळहात सपाट ठेवून, मेंढी दोन कुंथण्यांच्या मधे श्वास घेते तेवढ्यापुरता दाब दिला. ती कुंथू लागली, की हात फक्त आहे तिथे ठेवायचा. गोळा आत गेल्यावर मूठ तशीच काही मिनिटे धरून ठेवली.

त्यानंतर पट्टा बांधला. छातीपासून पाठीवरून येणाऱ्या दोऱ्या निरणाच्या दोन्ही बाजूंनी खाली जातात आणि मेंढीने पाठ वाकवून कुंथायचा प्रयत्न केला, की त्या ताणल्या जातात. दोरी आणि अंग यांच्यात दोन बोटे जावीत एवढी सैल ठेवली. लघवी आणि लेंड्या होताना पाहिल्या, मगच तिला सोडले.

४ फेब्रुवारी

नवीन प्रकार नाही. दोन मेंढ्यांना खोकला आहे. खोकल्याचा प्रत्येक ठसका पोटावर पडतो, म्हणून त्यांना धुळकट गवतापासून दूर हलवले. ४७ चा पट्टा सकाळ-संध्याकाळ तपासला. डाव्या मांडीच्या आत घासल्याची खूण दिसली, तिथे कापडाची पट्टी गुंडाळली.

७ फेब्रुवारी

क्रमांक १२. पाचवे वेत, जुळी, शरीर गुणांक साडेतीन. हिचा प्रकार रात्रीच्या फेरीत नव्हे, पहाटे सापडला, आणि मधल्या पाच तासांत तो वाढला होता. गोळा दोन मुठींएवढा, गडद लाल, वरून सुकलेला, आणि मेंढी सतत दात खात कुंथत होती. हा माझ्या हाताचा प्रकार नाही हे दिसतच होते. गोळ्याभोवती ओले स्वच्छ कापड गुंडाळले आणि पशुवैद्यकांना बोलावले.

त्यांनी शेपटीच्या मुळाशी मणक्यांमधून भूल दिली. काही मिनिटांत शेपूट ढिली पडली आणि कुंथणे थांबले. मेंढीचा चेहरा बदललेला स्पष्ट दिसला. गोळ्यावर साखर पसरून तो थोडा वेळ तसाच धरला. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि गोळा आवळतो. तो आत बसवल्यावर त्यांनी निरणाभोवती कातडीखालून रुंद फितीचा टाका घातला, खाली लघवीसाठी दोन बोटांची जागा सोडली आणि गाठ सुटी होईल अशी बांधली. प्रतिजैविक आणि वेदनाशामक त्यांनीच दिले. जाताना म्हणाले, "टाका घालणं सोपं आहे हो, तो सोडायची वेळ कोण पाहणार ते आधी ठरवा."

टाका घालताना त्यांनी निरणाच्या दोन्ही बाजूंची लोकर बाजूला केली आणि मला जवळ बोलावले. कातडीवर चार फिकट, केस न उगवलेले ठिपके होते, दोन इकडे, दोन तिकडे. जुन्या टाक्याच्या खुणा. वहीतली 'एक मेंढी, टाका घातला, बरी' ती हीच. तिला पुन्हा मेंढ्याकडे सोडण्याचा निर्णय कोणी घेतला नव्हता; क्रमांक न लिहिल्यामुळे तो आपोआप झाला.

११ फेब्रुवारी

क्रमांक ६३, दुसरे वेत, तिळी. गोळा लहान आणि ताजा, त्यामुळे पट्ट्याऐवजी प्लास्टिकचा चपटा आधार वापरला, ज्याला सगळे चमचाच म्हणतात. त्याची जीभ योनीत राहते आणि दोन्ही बाजूंचे हात बाहेर राहतात; ते हात दोऱ्यांनी कुशीवरच्या लोकरीला बांधले. लोकर मोकळी सुटू नये म्हणून ती दाट जागी घेतली. चमचा असतानाही कोकरू त्याच्या बाजूने बाहेर येऊ शकते, परंतु मी त्यावर विसंबणार नाही.

वाड्याच्या दारावर फळा टांगला: क्रमांक, काय बांधले, कधी बांधले, अपेक्षित तारीख.

१७ फेब्रुवारी

१२ ला दुपारी कळा सुरू झाल्या. ती कोपऱ्यात जाऊन जमीन उकरत होती आणि टाक्यातून चिकट स्राव येत होता. फितीची गाठ लगेच सोडली. तासाभराने तपासले, तर गर्भाशयाचे तोंड दोन बोटांच्या वर उघडलेले नव्हते आणि कडा ताठ कड्यासारखी हाताला लागत होती. ज्या मेंढ्यांची योनी आधी बाहेर आलेली असते, त्यांच्यात हे तोंड नीट न उघडण्याचा प्रकार अधिक दिसतो. तिथे हाताने जोर करणे म्हणजे फाडणे. पशुवैद्यकांनी पोट उघडून दोन कोकरे काढली. दोन्ही जिवंत. मेंढी संध्याकाळी उभी राहिली आणि रात्री गवत खाल्ले.

२२ फेब्रुवारी

४७ चे एक कोकरू आज गेले, आणि ते माझ्या चुकीने गेले.

रात्री दोनच्या फेरीत ती शांत बसलेली होती. पुढची फेरी चारची होती. त्या वेळी दुसऱ्या खणात एका मेंढीला आडवे आलेले कोकरू सरळ करण्यात मी गुंतलो होतो आणि ४७ कडे सव्वापाचला पोहोचलो. कोकराचे डोके आणि एक पाय बाहेर आलेला होता, दुसरा पाय पट्ट्याच्या दोरीमागे अडकला होता, जीभ सुजून निळी पडली होती. दोरी कापून कोकरू काढले, पण त्यात जीव नव्हता. दुसरे कोकरू मागोमाग आले आणि तासाभरात चीक पिऊ लागले.

फळ्यावर ४७ पुढे '२ फेब्रुवारी, पट्टा' असे लिहिलेले होते, परंतु कोणी, किती वाजता पाहायचे हे नव्हते. १२ च्या वेळी ते आम्ही ठरवले होते, कारण पशुवैद्यकांनी बजावले होते. पट्ट्याला टाक्याएवढे गंभीर मी मानले नाही, इतकेच. आजपासून फळ्यावर पाचवा रकाना आहे: सोडणार कोण. ६३ पुढे सहकाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले आणि तिला बाकीच्यांपासून वेगळे करून दाराजवळच्या खणात आणले.

२३ फेब्रुवारी

६३ विली. पाणमोट दिसताच चमचा काढला. तिन्ही कोकरे लहान, पण जिवंत. एकाला बाटलीने चीक पाजला.

२५ फेब्रुवारी

क्रमांक ५८. हिला विण्यापूर्वी काहीही नव्हते. कोकरू एकच, मोठे, आणि ओढून काढावे लागले होते. दोन तासांनी तिच्या मागे गुडघ्यापर्यंत लोंबणारी, रक्ताळलेली पिशवी दिसली. तिच्यावर बटणांसारखे उंचवटे होते, ज्यांना वार चिकटलेली असते. तेवढी एक खूण पुरते. योनी गुळगुळीत असते, तिच्यावर बटणे नसतात. नव्या सहकाऱ्याने धावत येऊन 'पट्टा आणू का?' असे विचारले. गर्भाशय बाहेर आले असताना पट्टा बांधण्यात काहीच अर्थ नाही. मेंढीला चालू दिले नाही, पिशवी ओल्या चादरीवर तोलून धरली आणि पशुवैद्यक येईपर्यंत कोणी काही ढकलले नाही. आत घालताना त्यांनी गर्भाशयाची दोन्ही शिंगे टोकापर्यंत सरळ होतील याची खात्री केली. टोक दुमडलेले राहिले, तर मेंढी कुंथत राहते आणि सगळे परत बाहेर येते. नंतर गर्भाशय आकसण्याचे आणि कॅल्शियमचे इंजेक्शन दिले.

या मेंढीची नोंद दुसऱ्या रकान्यात गेली. अवघड विण्यातून घडलेला हा प्रकार पुढच्या वेतात होईलच असे नसते, त्यामुळे ती बरी झाली आणि पुढे माजावर आली, तर ठेवायला हरकत नाही.

९ मार्च

८८ पैकी ८१ मेंढ्या विल्या. योनीचे तीन प्रकार, गर्भाशयाचा एक, गुदाशयाचा एकही नाही. आखूड शेपटीच्या चारही मेंढ्या सुखरूप विल्या. मागच्या वर्षी पाच आणि यंदा चार, यावरून गव्हाण उतरवल्याचा किंवा आहार बदलल्याचा उपयोग झाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तीनपैकी दोन मेंढ्या कोपऱ्यातल्या खणातल्या होत्या, परंतु त्याच खणात जुळ्यांच्या जाड मेंढ्या जास्त ठेवल्या होत्या, त्यामुळे उताराचा वाटा किती आणि चरबीचा किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पुढच्या हंगामात जाड मेंढ्या मुद्दाम दोन खणांत विभागायच्या.

६३ बद्दल मला शंका होती, म्हणून जन्माची जुनी वही काढली. तिची आई मागच्या वर्षी योनी बाहेर येऊन मेलेल्या दोघींपैकी एक होती. एका जोडीवरून आनुवंशिकता सिद्ध होत नाही. तरी हा कल काही प्रमाणात वंशातून उतरतो असे मानले जाते, आणि मादी कोकरे कळपात ठेवताना एवढी शंका पुरेशी आहे. मागच्या वर्षीची पट्टा बांधलेली मेंढी कोणती, ते मात्र अजून सापडलेले नाही. टाक्याच्या खुणा राहतात, पट्ट्याच्या राहत नाहीत.

१४ मार्च

४७, १२ आणि ६३ या तिघींच्या बिल्ल्याशेजारी लाल बिल्ला मारला. कोकरे दुधापासून तुटली, की त्या कळपातून जातील. त्यांच्या चार मादी कोकरांच्या डाव्या कानाला खाच पाडली, म्हणजे वही हरवली तरी त्यांची निवड पैदाशीसाठी होणार नाही. दुपारी कोपऱ्यातला खण रिकामा केला आणि उताराच्या खालच्या कडेपासून भराव घालायला सुरुवात केली.